आईने बंद केलेला सर्व्हर

वायर मी कापली नव्हती, उपटली होती. हा फरक मी कित्येक महिने मनाशी धरून बसलो होतो, म्हणून आधी तोच सांगून टाकतो. आमच्या घरातल्या सर्व्हरच्या पोटात एक काळा, बटणाएवढा भोंगा होता. आत काही बिघडलं की तो पीं पीं करून ओरडायचा. त्या पावसाळ्यात तो ओरडायला लागला आणि मी त्याची वायर चिमटीत धरून ओढून काढली. बायको बाजारात गेली होती. आई पडवीत सुपारी कातरत बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "थांबला काय रे ता?"

"थांबलं," मी म्हटलं.

घरात सर्व्हर कशाला, असं कुणीही विचारील. आलेगेले विचारायचेच. निम्म्यांना तो फ्रीज वाटायचा आणि थंड पाणी मिळेल या आशेनं ते त्याच्याकडे बघायचे.

मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायचो. वजनकाट्यावरून ट्रक गेला की त्याचे आकडे ज्या यंत्रात जाऊन बसायचे, ते यंत्र माझ्या ताब्यात असायचं. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक थांबले, काटा थांबला, मग आम्हीही थांबलो. कार्यालयाचं सामान विकायला निघालं. कपाटं, कदेलां म्हणजे खुर्च्या, पंखे लोकांनी उचलले. सर्व्हरला मात्र कोणी हात लावीना. मी तो घेतला. का घेतला हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, आताही येत नाही. रोज सकाळी उठून ज्याच्याकडे बघायचं असं काहीतरी हवं होतं, एवढंच असेल. बायकोला वेगळं कारण दिलं. तुझ्या कामाच्या सगळ्या फायली एका जागी सुरक्षित राहतील, असं सांगितलं.

तिचं काम आमच्या पुढच्या खोलीत चालायचं. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, गावच्या नाटकांच्या जाहिराती, बाराव्याची कार्डं. गोवा राज्य होऊन आणि कोंकणी राजभाषा होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण आमच्या पुढच्या खोलीत तो वाद रोज नव्यानं सुरू व्हायचा. वराचा बाप म्हणे पत्रिका मराठीत, मुलीचा मामा म्हणे कोंकणीत. बायको फोंड्याची, कीर्तनं ऐकत वाढलेली, तिला दोन्ही सारखंच. "पत्रिका मराठीत आणि भांडण कोंकणीत," ती म्हणायची. "भांडणाचं टायपिंग मी फुकट करते."

सर्व्हर घरी आणून उघडला तेव्हा आत तांबडी माती होती. सगळी शिरगावच्या खाणीकडची धूळ पंख्यांनी ओढून आत नेऊन थापली होती. रंगाच्या ब्रशनं ती झाडता झाडता पंचा लाल झाला. चालू केला तर एवढा आवाज, की आई देवाकडची वात लावता लावता वळून म्हणाली, "दाबोळीचा विमान हयसर उतरयलस काय?" बायको म्हणाली, "फायली ठेवायला आणलाय की दळण दळायला?"

तरी मी त्याच्या मागे लागलो. नवं काही घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्यातलं जुनं शोधत हिंडायचो. पंखे फोंड्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडून आणले, ते जरा कमी आवाजाचे निघाले. डिस्का वास्कोला मिळाल्या. बंदरावरच्या कार्यालयांतले मोडीत काढलेले कॉम्प्युटर विकत घेऊन सुटे करणारा एक माणूस तिथं होता. त्यानं दोन सारख्या डिस्का काढून दिल्या आणि म्हणाला, "चालू दवरल्यार धा वर्सां चलतल्यो."

"आनी बंद केल्यार?"

"सर्व्हर कोण बंद करता रे?" तो हसला.

सरकारी बशीतून येताना त्या दोन्ही पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या. शेजारच्या बाईला वाटलं पावाचे उंडे आहेत. "गरम आसात?" तिनं विचारलं.

दोन डिस्का अशासाठी, की पहिलीवर जे लिहिलं जातं तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरीत सगळं शाबूत. बायको तोवर दर शनिवारी आपल्या फायली सीडीवर काढून ठेवायची. मी म्हटलं, आता त्याची गरज नाही. तिनं विचारलं, "आणि दोन्ही एकदम गेल्या तर?" मी म्हटलं, असं होत नाही. तिनं सीडी करणं सोडलं. तिनं माझं ऐकलं, हे मला आवडलं होतं.

त्या उन्हाळ्यात तिला मोठं काम मिळालं. पेडण्यात आमचं मूळ गाव आहे, तिथल्या देवळाच्या नाट्यमंडळाची स्मरणिका. जत्रेत नाटक करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि जुने फोटो. तिनं नुसतं टायपिंग करायचं नव्हतं. घरोघर जाऊन माणसांशी बोलून ते सगळं तिनंच गोळा करायचं आणि आत 'संकलन' म्हणून तिचं नाव येणार होतं. आजवर तिनं हजारो माणसांची नावं सजवली, महिरपी घातल्या, पण स्वतःचं नाव तिनं कुठं टाईप केलं नव्हतं. त्या कामासाठी ती एक नवी साडी नेसून पेडण्याला जायची.

म्हातारे बोलायचे, ती ऐकून आल्याबरोबर थेट टाईप करायची, डोक्यातलं निघून जायच्या आत. फोटो स्कॅन करून ज्याचे त्याला परत द्यायची. सगळं सर्व्हरवर.

आषाढात भोंगा ओरडायला लागला. एक डिस्क बंद पडली होती. मी बायकोला सांगितलं, तिनं हँडबिलांच्या पैशांतून डिस्कपुरते काढून दिले. मी फोंड्याला गेलो. त्या दुकानदाराकडे तशी डिस्क होती. पण काउंटरवर आणखी एक वस्तू होती, आमच्या सर्व्हरला चालेल अशी मेमरी. ती एरवी कुठंच मिळत नव्हती. फोटोंची पानं उघडायला फार वेळ लागतो म्हणून बायको रोज कुरकुरायची. मेमरी घातली तर पानं झटक्यात उघडली असती. डिस्क घातली असती तर कुणाला काहीच दिसलं नसतं. यंत्र काल चालत होतं तसंच आज चाललं असतं.

मी मेमरी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं पान उघडलं आणि ते उघडलं तसं ती मागे टेकली. "अगो बाय," ती म्हणाली. "या धुडाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. डिस्क बदलली की एवढा फरक पडतो?" मी हो म्हटलं. खाण बंद झाल्यापासून घरात मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. भोंग्याची वायर उपटली ती त्यानंतर, बायको बाजारात असताना तो पुन्हा ओरडायला लागला तेव्हा. तो तिच्यासमोर ओरडला असता तर तिनं विचारलं असतं.

पुढच्या महिन्यात डिस्क घेऊ, असं दर महिन्याला ठरवत होतो. एका डिस्कवर सगळं चाललं होतं आणि चाललं होतं म्हणून मला ते हळूहळू खरंच वाटायला लागलं, की एकच पुरते.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं विसावतात. कोयता, नारळ खवायची आदोळी, कुदळ, कात्री, माझे पाने नि स्क्रू-ड्रायव्हर, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, पूजा करायची आणि दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आईनं प्रिंटरला झेंडूची माळ घातली आणि सर्व्हरपाशी येऊन उभी राहिली.

"हेका बंद कर."

"आई, हा बंद करायचा नसतो."

"कित्याक? वरीसभर रातदीस राबता. एक दीस इसावो नको त्येका?"

कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. बायको आतून म्हणाली, "द्या ना बंद करून, माझं कामही झालंय आजचं. आणि काही झालंच तर दोन डिस्का आहेत."

"बटण खंय त्येचा?" आईनं विचारलं. मी बोटानं दाखवलं. आंघोळ करून आलेल्या ओल्या हातानं तिनं ते दाबलं. पंखे हळूहळू थांबले. घर एवढं गप्प झालं की स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, तांबडी जास्वंद ठेवली आणि फुलानं पाणी शिंपडलं, पाटावरच्या इतर सगळ्यांवर शिंपडलं तसंच.

दसऱ्याला आपट्याची पानं देऊन घेऊन झाल्यावर मी बटण दाबलं. पंखे फिरले. मग आतून टक, टक, टक असा आवाज यायला लागला, कोणीतरी नखानं खिडकीचं जनेल वाजवावं तसा. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि थांबली. मी बंद केलं, पुन्हा चालू केलं. टक, टक.

बायको माझ्या खांद्यामागे होती. "काय झालं? स्मरणिका आहे ना?"

मी काही बोलायच्या आत आई पुढं झाली. तिचा चेहरा उतरला होता. "मियां पाणी शिंपडलंय," ती म्हणाली. "ज्यास्त पडला काय रे?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "बघूया."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, म्हणजे क्रमानं आठवत नाहीत. आई त्या खोलीत पाऊल टाकीना. एकदा मी आलो तर ती दारातून वाकून लांबूनच सर्व्हरवरचं कुंकू ओल्या बोटानं पुसायला बघत होती, पाणी पुन्हा सांडू नये म्हणून श्वास रोखून. बायको ओरडली नाही. आईला तर ती उलट म्हणाली, "तुमचा काय दोष, आई? कुणाला माहीत होतं?" आणि माझ्याकडे बघून, "पण दुसरी डिस्क? ती नवीच होती ना?" मी म्हटलं, तीही गेली असावी. असं होत नाही म्हणून मीच सांगितलं होतं, हे तिनं काढलं नाही. तेही तिनं काढायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

मी दोन्ही डिस्का बाहेर काढल्या. इथं आणखी एक गाढवपणा झाला. दोन्ही दिसायला सारख्या, आणि काढण्याच्या घाईत मी खूण केली नाही. मेलेली कुठली आणि खंडेनवमीपर्यंत जिवंत असलेली कुठली, हे मलाच कळेना. दोन्ही मेजावर ठेवून मी बघत बसलो.

त्या दिवशी सकाळी आई न सांगता पेडण्याच्या बशीत बसून गेली होती. दुपार कलल्यावर परत आली ती वेगळीच होऊन. पाय धुतले, चहा मागितला. देवळात कौल घेऊन आली होती. आमच्या देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तिनं दोन प्रश्न विचारले होते. तिच्या हातून चूक झाली का? उजवी. गेलेलं परत येईल का? उजवी.

"देवान सांगल्यान, चूक माझीच," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात चक्क समाधान होतं. "दंड म्हणान तेल दिलंय समयेक. आता ता येतला परत."

आत जाऊन मी एक डिस्क जोडली. टक, टक. दुसरी जोडली. ती गुरगुरली, थांबली, पुन्हा गुरगुरली, आणि पडद्यावर बायकोच्या फायलींची नावं एकाखाली एक उतरायला लागली. मी ओरडलो. बायको धावत आली. आई दारातच उभी राहून हात जोडून म्हणाली, "बघ!"

मग मी तारखा बघितल्या. सगळं आषाढापर्यंतचं होतं. त्यानंतर एकही ओळ नाही. म्हणजे जी डिस्क मी मेली म्हणून आतच सोडून दिली होती, तीच उठली होती. जिच्यावर सगळा भार टाकला होता, ती गेली. आणि ती बंद केली नसती तर कदाचित अजून चालली असती. मग चूक कुणाची? देवाचं दुसरं उत्तर अर्धं खरं ठरलं होतं. पहिलं खोटं म्हणायला मी कोण? पण ते खरंही नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात आई आदोळीवर नारळ खवत होती आणि बायको भाजी निवडत होती, तेव्हा मी सगळं सांगितलं. डिस्कचे पैसे, मेमरी, भोंगा. उभ्या उभ्याच सांगितलं. भोंगा खिशातून काढून दाखवलासुद्धा.

आईनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्या काय?"

"ओरडायचा ना, तो."

"मगे? काढलस ता बराच केलस. माझा डोक्या उठवल्यान होता." तिनं तो मला परत दिला. "गप रे. माका बरा वाटाक व्हया म्हणान सांगतस."

"आई, खरं सांगतोय."

"माका देवान सांगल्यान. तू देवापरास शाणो?" आणि ती पुन्हा नारळ खवायला लागली. मग प्रेमानं, "लहानपणीसून असोच तू. दुसऱ्याचा आपल्या आंगार घेणारो."

लहानपणी मी असा मुळीच नव्हतो.

बायकोनं मात्र प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला. ते तिच्या हातांवरून दिसलं. भाजी निवडायची थांबली होती. तिनं एकच विचारलं, "मी त्या दिवशी तुमचं कौतुक केलं, ते?"

"मेमरीचं."

"हं," ती म्हणाली, आणि भाजीचं ताट उचलून मागल्या दारी गेली.

सकाळी तिनं मला हिशेब सांगितला, पैशांचा नव्हे. आषाढानंतर ज्या ज्या घरी ती गेली होती, त्या सगळ्या घरी पुन्हा जायचं होतं. "तुम्ही जायचं," ती म्हणाली. "फोटो पुन्हा मागायचे. म्हातारे बोलतील ते ऐकून यायचं, विसरायचं नाही. आणि का पुन्हा आलो ते खरं सांगायचं. पाण्याचं नाव काढायचं नाही, विजेचं नाही, नशिबाचं नाही."

"सगळ्यांना?"

"मी नवी साडी नेसून गेले होते त्या सगळ्यांना."

मी गेलो. पहिलं घर एका म्हाताऱ्या नटाचं होतं, एकेकाळी नाटकात राणी व्हायचा. मी अंगणात उभा राहून घोकत आलेलं म्हणायला सुरुवात केली. त्यानं हात वर केला. "माका सगळा ठावक आसा," तो म्हणाला. "तुझी आवस देवळात इल्ली ना, तिनं सांगल्यान. पाणी पडला तिच्या हातसून. आनी तू आता आपल्या आंगार घेऊक इलस. बस. च्या घे."

"नाही हो, तिच्या हातून काही झालं नाही."

"ताच म्हणतंय मिया." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बायकोला सांगितल्या नव्हत्या अशाही गोष्टी त्यानं मला सांगितल्या. शालू नेसताना कमरेला गाठ कुठं मारायची ते दाखवलं. फोटो दिले, वर केळीचा घड दिला.

सगळीकडे तेच. कौलाची बातमी माझ्या आधी पोचलेली. मी जितकं नेटानं सांगे, तितका मी चांगला मुलगा ठरे. एका घरी तर मी चिडून भोंगाच मेजावर आपटला. त्या घरच्या काकी आपल्या मुलाला हाक मारून म्हणाल्या, "बघ, आवशीसाठी माणूस कितको खोटा बोलता. शिक कायतरी." त्यांच्या त्या मुलाचे केस पिकले होते. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी उठलोच.

घरी आलो की बायको विचारायची, "सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

"चहा दिला. केळी दिली."

ती केळ्यांकडे बघायची, माझ्याकडे बघायची. मग कीबोर्ड पुढं ओढायची आणि म्हणायची, "बोला." मी ऐकून आलेलं सांगायचो, ती टाईप करायची. मध्येच थांबवून विचारायची, हे असंच म्हणाले का तुम्ही घातलंत? एकदोनदा मी घातलेलं होतं. ते मी कबूल केलं, तिनं खोडलं. शनिवारी सीडी करणं तिनं पुन्हा सुरू केलं, मला न विचारता.

जत्रा जवळ आली तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी स्वतः आमच्याकडे आले. बायको बाजारात होती. ते म्हणाले, संकलनात आता दोघांचीही नावं घालूया, तू एवढा घरोघर हिंडलास. मी म्हटलं, नाही. फक्त तिचं. माझं नाव एका अक्षरानंही नको. तिचं काम मीच बुडवलं होतं, मी फक्त ते परत गोळा केलं.

"आवस सांगता तसोच आसस," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

स्मरणिका जत्रेच्या दिवशी छापखान्यातून आली, अजून शाईचा वास होता. आत 'संकलन' खाली एकच नाव होतं, तिचं. तिनं त्या पानावर तळहात ठेवला, काही वेळ ठेवूनच दिला. आईला दाखवलं. मग मी पानं उलटत गेलो आणि सेक्रेटरींच्या मनोगतात अडलो. शेवटी एक वाक्य होतं. मातेचा दोष स्वतःकडे घेऊन नाव न मागता राबणाऱ्या एका सुपुत्राचे मंडळ ऋणी आहे.

"हे तू टाईप केलंस?" मी विचारलं.

"सगळं मीच टाईप केलंय."

"मग काढलं का नाहीस?"

"काढलं असतं तर त्यांना खरं काय ते सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि ते तुम्ही सांगून झालंय."

ती रागावून बोलली की हसत, हे मला तिच्याकडे बघूनही कळलं नाही. पुढच्या खोलीत कोणीतरी लग्नपत्रिकेसाठी येऊन बसलं होतं, मराठीत की कोंकणीत यावर त्यांचं आपसात सुरूही झालं होतं. स्मरणिका माझ्या हातात देऊन ती तिकडे गेली.